हळदीचा भाव सांगणाऱ्याला पैसे कोण देणार?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी वसमत तालुक्यातला. बी. एस्सी. अ‍ॅग्री झालो, नोकरी नाही, घरची साडेचार एकर शेती. तीन वर्षांपासून हळद आणि सोयाबीनच्या बिटाच्या, म्हणजे लिलावाच्या, दिवशी मोंढ्यात (बाजार समितीत) स्वतः उभा राहतो आणि कोणत्या प्रतीच्या मालाला काय भाव निघाला ते सांगतो. यूट्यूबवर १८ हजार सबस्क्राइबर आहेत, व्हॉट्सअ‍ॅप चॅनलवर ६ हजार लोक. पेट्रोल, नेट, मोबाइलचा हप्ता धरून महिन्याला ६ हजार जातात. यूट्यूब १०० डॉलर जमल्यावरच पैसे देतं, आणि ते भरायला दोन-तीन महिने लागतात.

मित्र म्हणतो, महिना ९९ रुपयांचा पेड ग्रुप काढ. पुण्याचा एक अ‍ॅपवाला म्हणतो, व्हिडिओमागे एक रुपया ठेव, यूपीआय आहेच. एका कंपनीचा माणूस महिन्याला १५ हजार द्यायला तयार आहे. व्हिडिओत त्यांच्या पिकावरच्या टॉनिकचं नाव घ्यायचं, पण जाहिरात आहे असं म्हणायचं नाही. वडील म्हणतात, भाव सांगायचे पैसे घेतलेस तर तुझ्यात आणि दलालात फरक काय? मला तर पैसे मागायचीच लाज वाटते. काय करू?

बिटावरचा एक, जि. हिंगोली

उत्तर

भाऊ,

त्या १५ हजारांना आधी 'नाही' कळवा. बाकीचं नंतर बोलू.

तो माणूस जाहिरात द्यायला आलेलाच नाही. तशी द्यायची असती तर 'जाहिरात आहे असं म्हणायचं नाही' ही अट कशाला घातली असती? टॉनिकची जाहिरात तो एसटी स्टँडसमोरच्या भिंतीवर रंगवू शकतो, कुणी अडवत नाही. पण भिंतीवर लिहिलेलं लोक जाहिरात म्हणून वाचतात आणि पुढे जातात. तुमचं ऐकतात ते वेगळ्या कानाने. हा पोरगा बिटावर जे दिसतं तेच सांगतो, हे लोकांना पटायला तीन वर्षं गेली. त्या कंपनीवाल्याला लोकांचा तो विश्वास हवाय, आणि महिन्याचं भाडं ठरवून तो मोकळा झालाय.

कायद्याचंही ऐकून ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि तो फक्त कंपनीला नाही, जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही लागू शकतो. पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस केली असेल तर ते उघड सांगायला हवं. जानेवारी २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या लोकांसाठी केंद्राने जी मार्गदर्शक पुस्तिका काढली तिच्याप्रमाणे व्हिडिओत ते दिसायलाही हवं आणि ऐकूही यायला हवं, आणि जाहिरात ज्या भाषेत त्याच भाषेत. म्हणजे तोंडाने मराठीत कौतुक करायचं आणि खाली कोपऱ्यात इंग्रजी हॅशटॅग टाकायचा, हे चालत नाही. राहिलं टॉनिक. आपण ज्यांना टॉनिक म्हणतो त्यांतली बरीचशी जैव उत्तेजकं २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. असा माणूस पुन्हा आला तर आधी त्या मालाची नोंदणी दाखवायला सांगा. काही जण तिथेच चहा संपवून उठतात.

आता यूट्यूब. १०० डॉलर भरायला तीन महिने लागतात याचा तुमच्या मेहनतीशी फारसा संबंध नाही. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या पैशातले ५५ टक्के तुम्हाला मिळतात. शॉर्ट्सचं गणित निराळं: तिथे सगळ्या जाहिरातींचा पैसा एका ठिकाणी जमा होतो, तुमच्या व्ह्यूजप्रमाणे त्यातला वाटा निघतो आणि त्या वाट्यातले ४५ टक्के हातात येतात. पण मुळात त्या जाहिरातीला किती पैसे मिळणार हे जाहिरातदारांच्या बोलीवर ठरतं, आणि बोली लागते ती बघणाऱ्याच्या खिशाकडे बघून. पुण्यात फ्लॅट शोधणाऱ्या माणसासाठी बँका आणि बिल्डर एकमेकांवर चढून बोली लावतात. तुमच्याकडच्या कुरुंद्याच्या हळदवाल्यासाठी तेवढं कोण ओढाताण करणार? तुम्ही बिटावर दोन तास उन्हात उभे राहिलात की घरी बसून दुसऱ्याचा व्हिडिओ कापून टाकलात, हे त्या यंत्राला कळत नाही.

म्हणून व्ह्यूजच्या मागे लागू नका. लागलात की काय होतं ते तुम्हीही पाहिलंय: 'हळद इतक्या हजारांच्या पार??' असं लाल अक्षरात लिहायचं, तोंड वासलेला फोटो लावायचा आणि भाव सातव्या मिनिटाला सांगायचा. आठ मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मधे जाहिरात टाकता येते म्हणून दोन मिनिटांचं बोलणं नऊ मिनिटं ताणणारेही आहेत. शेतकरी दीड जीबीच्या पॅकवर बघतोय, त्याचा डेटा आणि त्याची सकाळ दोन्ही खर्च होतात. तुम्ही भाव पहिल्या मिनिटात सांगा. यूट्यूबच्या जाहिराती सुरूच ठेवा, त्यातून पेट्रोल निघतं. घर चालेल असं धरू नका.

तुमचं वेबपेज असेल आणि त्यावर रमीच्या आणि 'पैसे दुप्पट'च्या पट्ट्या येत असतील तर त्या आजच बंद करा. पैशाच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर २०२५ च्या कायद्याने बंदीच आहे. आणि ठेवी बुडाल्याने आपल्या भागात किती घरं पोळली आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको.

पुण्याच्या अ‍ॅपवाल्याचं म्हणणं वरवर फार सोपं वाटतं. एक रुपया, कोण नाही म्हणेल? ही कल्पना जगात नवी नाही. १९९० च्या दशकात इंटरनेटवर चिल्लर देण्या-घेण्यासाठी कंपन्या पुढे आल्या. त्यांतली गाजलेली डिजिकॅश १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे २०१४ मध्ये हॉलंडमध्ये ब्लेंडल नावाचा उद्योग सुरू झाला: तिथल्या वृत्तपत्रांतला एकेक लेख काही सेंट देऊन वाचा, आवडला नाही तर पैसे परत. गाजावाजा भरपूर झाला. २०१९ मध्ये त्यांनीही सुट्या लेखाची विक्री सोडली आणि महिन्याच्या वर्गणीवर आले.

तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे यूपीआय नव्हतं. खरं आहे. तेव्हाची एक अडचण अशी होती की चार आणे पाठवायला आठ आणे खर्च यायचा. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आलं, जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून त्याचं शुल्कही घेत नाहीत. मोंढ्यासमोरच्या टपरीवर १० रुपयांचा चहाही आता स्कॅन करून होतो. मग व्हिडिओला एक रुपया का नको?

कारण चहा पिऊन झाल्यावर पैसे द्यायचे असतात आणि चहा कसा लागतो हे आधीच माहीत असतं. तुमचा व्हिडिओ बघण्याआधी माणसाला ठरवायचंय: आजचा भाव बघण्यासारखा आहे का? कालच्यासारखाच असेल का? एक रुपया गेला तर गेला, पण उगाच गेला का? पिन टाकायला चार सेकंद लागतात, मनाची ही घासाघीस जास्त वेळ खाते, आणि ती रोज करायची. रुपयापेक्षा तो ठरवायचा ताप महाग पडतो. दहातले नऊ जण अशा वेळी मित्राला फोन करतात, 'काय रे, आज किती निघाली?' मित्र फुकट सांगतो. अ‍ॅपवाल्याला मात्र अ‍ॅप बनवायचे पैसे पहिल्या दिवशीच मिळालेले असतात. वर प्ले स्टोअरमधून वर्गणी घेतलीत तर गूगल १५ टक्के कापतं ते वेगळंच.

९९ रुपयांच्या ग्रुपचा सल्ला त्यापेक्षा बरा वाटतो, पण तोही तुमच्या कामाला बसत नाही. त्याची कारणं जरा सविस्तर सांगते, कारण खरी मेख इथे आहे.

भाव ही एका ओळीची गोष्ट आहे. 'कांडी इतके ते इतके, गट्टू इतके, आवक इतकी.' (कांडी म्हणजे लांबट हळकुंड, गट्टू म्हणजे गोल गड्डा.) पेड ग्रुपमध्ये तुम्ही हे टाकलंत की मिनिटाच्या आत ते गावच्या ग्रुपमध्ये गेलेलं असेल. ज्याने फॉरवर्ड केलं त्याला आपण काही चोरलं असं वाटणार नाही, आणि मलाही तसं वाटत नाही. भाऊ भावाला भाव सांगणारच. शिवाय नुसते आकडे सरकारही फुकट देतं: पणन मंडळाच्या साइटवर असतात, अ‍ॅगमार्कनेटवर असतात, २०१६ पासून ई-नाम हा केंद्राचा ऑनलाइन बाजारही आहे. किमान, कमाल, सर्वसाधारण, आवक. झालं.

मग तुमच्याकडे लोक का येतात? मी तुमचा मार्चमधला एक व्हिडिओ पाहिला. दोन ढीग शेजारी शेजारी, लांबून दोन्ही सारखेच पिवळे. व्यापाऱ्याने वरची कांडी घेतलीच नाही, कोपरापर्यंत हात ढिगात घातला आणि तळातली काढली. मोडली. पहिल्या ढिगातली कडकन वाजली, दुसऱ्यातली आधी वाकली आणि मग तुटली. तुम्ही कॅमेरा तुटलेल्या टोकावर नेलात, एकाचा गाभा गडद नारिंगी, दुसऱ्याचा फिका, मधोमध ओलसर. तेवढा वेळ तुम्ही काही बोलला नाहीत. मग म्हणालात, 'हे दोन ढीग एकाच गावचे आहेत. दुसऱ्याने चार दिवस घाई केली.' सरकारी साइटवर किमान आणि कमाल भावात हजारोंचं अंतर दिसतं. ते का पडतं, हे तिथे दिसत नाही. तुमच्याकडे दिसतं. तो व्हिडिओ पाहून एखाद्याने वाळवण आणखी चार दिवस ठेवलं असेल, तर त्याला तुमचा उपयोग रुपयांत मोजता येतो.

आणि दुसरी बाजू तुमच्या पत्रातच नाही, व्हिडिओत मात्र दिसते. नांदेडला, हिंगोलीला माल नेलेले शेतकरी आपापल्या काटापट्टीचे (वजन-भावाच्या पावतीचे) फोटो तुम्हाला पाठवतात, त्यावरून तुम्ही तीन बाजारांची तुलना करता. म्हणजे तुमचे प्रेक्षक हेच तुमचे बातमीदार आहेत. दारावर ९९ रुपयांची पाटी लावलीत तर ज्याने काल फोटो पाठवला तो विचारणार, 'माझाच भाव मला विकत?' त्याचं बरोबर असेल. फोटो येणं थांबलं की तुमच्याकडे फक्त वसमतचं बीट उरेल.

तिसरं, महिना ही पगारदाराची रीत आहे. शेतकऱ्याच्या खात्यात पैसे येतात ते हळद विकल्यावर आणि सोयाबीन विकल्यावर, जुलैत खातं कोरडं असतं. यूपीआय ऑटोपे लावता येतं, १५ हजारांपर्यंतच्या कपातीला दर वेळी पिनही लागत नाही. पैसे जाण्याच्या २४ तास आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण ती सूचना बहुतेकदा इंग्रजीत येते, वाचली जात नाही, आणि खत आणायला ठेवलेल्या पैशातून ९९ रुपये 'आपोआप' गेले की माणूस तुमचं नाव आयुष्यभर लक्षात ठेवतो, चांगल्या अर्थाने नव्हे.

मग पैसे यायचे कुठून? फुकट ऐकायच्या गोष्टीसाठी पैसे कसे जमतात हे गावाला चांगलं माहीत आहे. हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा घरटी वर्गणी निघते. कुणी एका दिवसाची पंगत घेतो, कुणी मंडपाचं भाडं, कुणी पोतंभर गहू. कीर्तनकाराची बिदागी त्यातूनच जाते. ज्याने यंदा काही दिलं नाही तोही पुढे बसून कीर्तन ऐकतो, काल्याला जेवतो, त्याला कुणी उठवत नाही. अभंगामागे रुपया लावला असता तर तिसऱ्या अभंगाला मंडप रिकामा झाला असता. वर्गणी देणारा आपण ऐकलेल्या अभंगांची किंमत देत नाही, सप्ताह पुढच्या वर्षीही बसावा म्हणून देतो. भाव फुकट ठेवा आणि वर्गणी मागा.

किती आणि कधी? वर्षाला ३०० रुपये, कमी-जास्त चालेल असं म्हणून. मागायची वेळ दोनदाच: गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया, म्हणजे हळदीचे पैसे हातात येतात तेव्हा, आणि दसरा-दिवाळीत सोयाबीन विकल्यावर. मधे एक शब्द काढू नका. दर व्हिडिओच्या शेवटी 'सपोर्ट करा, सपोर्ट करा' करणाऱ्यांचं पुढे कुणी ऐकत नाही.

चॅनलवरच्या ६ हजारांतल्या ३०० जणांनी दिले तर ९० हजार होतात. तुमचा वर्षाचा खर्च ७२ हजार. म्हणजे खर्च निघेल, मजुरी नाही. ५०० जणांनी दिले तर दीड लाख, त्यात महिन्याला साडेसहा हजार तुमचे. त्यापुढचं स्वप्न मी तुम्हाला दाखवणार नाही. हे घर चालवणारं उत्पन्न नाही, घराला हातभार आहे, आणि हे आधी स्वतःला आणि घरच्यांना सांगून ठेवा.

मागायचे शब्द सुचत नसतील तर हे घ्या, हवं तसं बदला:

"मंडळी, हा भाव फुकट आहे आणि फुकटच राहील. बिटावर जायला मला महिन्याला सहा हजार लागतात. तुम्हाला याचा उपयोग झाला असेल तर वर्षाचे ३०० रुपये पाठवा. यंदा जमत नसेल तर राहू द्या, ऐकत राहा. मी कुठल्याही औषध कंपनीकडून, आडत्याकडून किंवा व्यापाऱ्याकडून पैसे घेत नाही."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जड आहे. ते म्हणता यावं म्हणून मी तुम्हाला १५ हजार सोडायला सांगते आहे.

काही बारीक गोष्टी. व्हिडिओत फक्त क्यूआर दाखवून भागत नाही, कारण बघणाऱ्याच्या हातात एकच मोबाइल असतो आणि तो स्वतःचीच स्क्रीन कशी स्कॅन करणार? यूपीआय आयडी अक्षरांत लिहा, खाली कॉपी करता येईल असा टाका. पैसे पाठवताना समोर कोणतं नाव दिसेल तेही सांगा, नाहीतर अर्धे लोक भलत्याच नावाला बघून मागे फिरतात. तुमच्या नावाने कुणीतरी खोटा नंबर फिरवेल, फिरवणारच. म्हणून नंबर एकच ठेवा आणि तो कधीही बदलू नका. या पैशासाठी बँकेत वेगळं खातं काढा, घरच्या पैशात मिसळू देऊ नका. ज्यांनी दिले त्यांची नावं चॅनलवर वाचून दाखवू नका. सप्ताहात माइकवरून नावं वाचतात तेव्हा ज्याचं नाव येत नाही तो मान खाली घालतो. तुमच्याकडे त्याची काय गरज? आकडा मात्र उघड ठेवा: इतक्यांनी दिले, इतके जमले, इतके पेट्रोलला गेले. जमलेल्या फोन नंबरांची यादी कुणी मागितली, कितीही पैसे देतो म्हणाला, तरी द्यायची नाही. ते नंबर लोकांनी तुम्हाला दिले आहेत. जीएसटीची काळजी आत्ता नको, सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. देव करो आणि ती काळजी करायची वेळ येवो.

जाहिराती अजिबात घेऊ नका असं मी म्हणत नाही. मराठी वाचकाला जाहिरातीचं वावडं कधीच नव्हतं. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आली, आणि आज तुम्ही कोणताही दिवाळी अंक उघडा, पानोपानी साखर कारखान्याच्या, बँकेच्या शुभेच्छा असतात. त्या शुभेच्छा देणारा आतल्या कथेत आपलं नाव घाला असं म्हणत नाही. तशी जाहिरात घ्या: कापड दुकान, मंगल कार्यालय, मोबाइलवाला, क्लासेस. महिन्याची ठरलेली रक्कम, सुरुवातीला 'ही जाहिरात आहे' असं मराठीत स्पष्ट बोलून, यूट्यूबवर पेड प्रमोशनची खूण लावून. हळद शिजवायचं कुकर किंवा पॉलिशचं यंत्र भाड्याने देणारा आला तर जरा विचार करावा लागेल. माझ्या मते घ्यावी, पण त्याचं यंत्र चांगलं की वाईट यावर तुम्ही तोंड उघडायचं नाही. बियाणं, औषध, टॉनिक, आडत दुकान, ठेवी: हे पाच कधीच नाही. ज्याच्या मालाबद्दल किंवा व्यवहाराबद्दल तुम्हाला उद्या वाईट बोलावं लागू शकतं, त्याचे पैसे आज खिशात नकोत.

एखादा व्यापारी वेगळंच काही मागेल. 'आम्हाला अर्धा तास आधी कळव, जाहिरात नको, नाव नको, फक्त अर्धा तास.' शेतकरी उत्पादक कंपन्याही वर्गणी म्हणून वर्षाचे पाच हजार द्यायला तयार होतील, त्यांचे जरूर घ्या. पण सहा हजार लोकांना जे ज्या मिनिटाला कळतं तेच त्यांनाही त्याच मिनिटाला. हळदीत अर्ध्या तासाला किंमत असते, आणि ती किंमत कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला शेतकरी भरतो.

वडिलांचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. दलालाला पैसे मिळतात ते सौदा झाला तर. म्हणून त्याला सौदा व्हायला हवा असतो, आज, आत्ता. तुम्हाला वर्गणी मिळेल ती एखाद्याने माल विकला तरी आणि घरात भरून ठेवला तरी. सौदा होण्यात तुमचा काडीचा फायदा नसेल तर तुम्ही दलाल नाही. हे वडिलांना असं सांगून बघा, आणि वर्गणीची वही त्यांच्याच हातात द्या. ज्या माणसाला हा प्रश्न पडतो तो हिशेब चोख ठेवतो.

पण याच कारणाने एक बंधनही येतं. वर्गणी सुरू झाली की लोक विचारायला लागतील, 'पैसे दिलेत, आता सांगा, विकू का थांबू?' तिथे सावध राहा. काय दिसतंय ते सांगा, भाकीत विकू नका. हळदीचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावाचे सौदे, एनसीडीईएक्स या वायदेबाजारात चालतात आणि तिथला आकडा तुम्ही व्हिडिओत सांगता, ते ठीक. पण पैसे घेऊन वायद्यात 'घ्या', 'विका' असा सल्ला देण्यासाठी सेबीची, म्हणजे शेअर आणि वायदेबाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागते. ती तुमच्याकडे नाही आणि तुमच्या कामाला तिची गरजही नाही. वर्गणीदारांसाठी काही वेगळं करावंसं वाटलंच तर रविवारी संध्याकाळी तासभर प्रश्नोत्तरं ठेवा, वाळवण, प्रत, साठवण यावर. त्याचं रेकॉर्डिंग सोमवारी सगळ्यांना खुलं.

लाजेचं काय करायचं? थोडी राहू द्या, ती असली की माणूस जास्त मागत नाही. काही जण तोंडावर म्हणतील, 'आम्ही रिचार्जचे पैसे भरतोच की!' त्यांच्यावर चिडू नका. खूप लोकांना खरंच वाटतं की रिचार्जमधले काही पैसे तुम्हाला मिळतात. एक पैसाही मिळत नाही, ते एकदा शांतपणे सांगा. मागणं हा अपमान नाही, पण मागितल्यावर कुणी दिले नाहीत म्हणून त्याला कमी लेखणं हा मात्र आहे.

पहिल्या वर्षी पेरणीच्या आधी बसून मोजा. १०० च्या आतच लोकांनी दिले असतील तर रागावून चॅनल बंद करू नका आणि लोकांना टोमणेही मारू नका. बिटाचे दिवस कमी करा, हळदीच्या हंगामात जा, सोयाबीनच्या वेळी आठवड्यातून एकदाच, आणि का ते सांगून करा. वाचलेले दिवस घरच्या साडेचार एकरांत घाला. इतकं मोठं पत्र लिहिलंत, पण तिथे सध्या काय लावलंय हे काही त्यात आलं नाही.